औद्योगिक नगरांचे एकत्रीकरण : नकाशा जुळला, कारभाराचे काय?

कल्याण स्थानकातून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल बदलापूरला पोहोचते, तेव्हा तिने जेमतेम चौदा किलोमीटरचे अंतर कापलेले असते. खिडकीबाहेर पाहणाऱ्या प्रवाशाला या प्रवासात एक गाव कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हे सांगता येणार नाही. चाळींना लागून इमारती, इमारतींना लागून कारखाने आणि कारखान्यांना लागून पुन्हा चाळी, असाच हा सलग देखावा आहे. तथापि एवढ्या अंतरात तो प्रवासी चार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हद्दी ओलांडून गेलेला असतो. कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या दोन नगरपरिषदा. चार कार्यालये, चार अंदाजपत्रके आणि चार प्रकारचे कारभार. लोकवस्ती मात्र एकसंध आणि तिची दुखणीही एकच.

मग ही नगरे एकत्र का करू नयेत, असा प्रश्न कोणाही सुबुद्ध माणसाच्या मनात येईल. त्याचे पहिले उत्तर असे की, एकदा ती एकत्र केली गेली होती. १९८३ च्या ऑक्टोबर महिन्यात कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि भोवतालची खेडी मिळून कल्याण महानगरपालिका स्थापन झाली. नऊ वर्षेही पुरती लोटली नाहीत तोच, १९९२ मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यातून बाहेर पडले. जोडलेली नगरे पुन्हा तुटली. ती का तुटली, याचा शांतपणे विचार झाल्याचे मात्र दिसत नाही. औद्योगिक वस्त्यांच्या एकत्रीकरणाची भाषा आपल्याकडे अधूनमधून होत असते. ती करणाऱ्यांनी आणि तिला विरोध करणाऱ्यांनी, दोघांनीही, हा इतिहास डोळ्यांखालून घालणे अगत्याचे आहे.

ही नगरे एका कुळातली नव्हेत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. कल्याण हे प्राचीन बंदर आणि व्यापारी पेठ. अंबरनाथला शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर. विसाव्या शतकात त्याच गावात आगपेट्यांचा आणि दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि गावाचे कामगारनगर झाले. उल्हासनगर ही तर फाळणीची निर्मिती. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ साली या छावणीचे नगर झाले. डोंबिवली ही मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीयांची वसाहत. साठीच्या दशकात तिच्या कुशीत रासायनिक आणि कापड-प्रक्रिया उद्योगांची औद्योगिक वसाहत आली. म्हणजे भाषा, व्यवसाय, राहणी आणि स्मृती या सर्वच बाबतींत ही गावे भिन्न. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे लोहमार्ग आणि त्याच्या आधाराने आलेले कारखाने.

अशा भिन्न प्रकृतीच्या गावांना एका छत्राखाली आणायचे, तर ते काम हलक्या हाताने आणि लोकांना बरोबर घेऊन व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात घडले ते उलटे. १९८३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. परंतु तिची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली १९९५ मध्ये. मधली बारा वर्षे तेथे प्रशासकाचे राज्य होते. ज्या अंबरनाथकराने पूर्वी आपला नगरसेवक निवडून दिला होता, ज्याला नळाच्या तक्रारीसाठी गावातल्या गावात नगरपालिकेची पायरी चढता येत होती, त्याची नगरपालिका गेली, नगरसेवक गेला आणि त्यांच्या जागी नवे काही आले नाही. आला तो केवळ कल्याणचा रस्ता. स्वराज्य संस्थेचे विलीनीकरण करताना त्यातील स्वराज्य तेवढे गाळले गेले. अशा एकत्रीकरणाविषयी अंबरनाथ-बदलापूरच्या जनतेला आपुलकी वाटावी, अशी अपेक्षा करणेच मुळी चुकीचे होते. महानगरपालिकेतील नगरसेवकांच्या पहिल्या सभेला अंबरनाथचा प्रतिनिधी बसूच शकला नाही, कारण ती सभा भरण्यापूर्वीच अंबरनाथ बाहेर पडले होते.

दुसरी चूक नकाशाची होती. कल्याण आणि अंबरनाथ यांच्या मध्ये उल्हासनगर आहे. ते या एकत्रीकरणाच्या बाहेरच राहिले; त्याची वेगळी नगरपालिका चालू राहिली आणि १९९६ मध्ये तिचीच महानगरपालिका झाली. म्हणजे घराच्या दोन खोल्या एका मालकाच्या आणि मधली खोली दुसऱ्याची, अशी अवस्था. सांडपाण्याची वाहिनी टाकायची, रस्ता रुंद करायचा किंवा नाला वळवायचा, तर मधल्या हद्दीचा अडसर उभाच. एकत्रीकरणाचा मुख्य लाभ सलगतेत असतो. तीच येथे नव्हती.

तिसरे कारण पैशाचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. ते समजून घ्यावयाचे, तर घाट चढून पिंपरी-चिंचवडला जावे लागेल. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना पिंपरीला स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर या भागात कारखानदारीचा ओघ सुरू झाला. टेल्को आली, बजाज आली, आणि त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या शेकडो लहान कारखान्यांची रीघ लागली. गावांचा कारभार मात्र ग्रामपंचायतींकडे होता. हजारो कामगारांच्या वस्तीला पाणी, गटारे आणि शाळा पुरविण्याचे सामर्थ्य ग्रामपंचायतीत कोठून येणार? म्हणून १९७० च्या मार्च महिन्यात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून एक नगरपालिका स्थापन झाली. अण्णासाहेब मगर हे तिचे पहिले नगराध्यक्ष. बारा वर्षांनी, १९८२ मध्ये, तिची महानगरपालिका झाली.

हा प्रयोग टिकला. १९७१ च्या जनगणनेत या शहराची वस्ती एक लाखाच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती सव्वासतरा लाखांच्या घरात गेली. या वाढीचा भार नगरपालिकेने पेलला तो जकातीच्या बळावर. कारखान्यात येणाऱ्या कच्च्या मालावर जकात मिळे आणि ती त्याच कारखान्याच्या कामगारांच्या वस्तीवर खर्च करता येई. श्रीमंत नगरपालिका असा तिचा लौकिक झाला, तो काही कोणाच्या कर्तबगारीचा एकट्याचा चमत्कार नव्हता. उत्पन्नाचे साधन, खर्चाचा बोजा आणि मत देणारा नागरिक, ही तिन्ही एकाच हद्दीत आली होती. कारखाना एका पंचायतीत, कामगारांची चाळ दुसऱ्या पंचायतीत आणि सांडपाणी तिसरीच्या ओढ्यात, ही विसंगती एकत्रीकरणाने दूर झाली.

कल्याणला नेमके हेच घडले नाही. तेथील नोकरदार सकाळच्या गाडीने मुंबईला जातो, दिवसभर तेथील संपत्तीत भर घालतो आणि रात्री कल्याण-डोंबिवलीचे पाणी प्यावयास परत येतो. त्याच्या श्रमाचा कर दुसरीकडे जमा होतो. त्याच्या निवासाचा बोजा येथे पडतो. तेव्हा येथील एकत्रीकरणाने संपत्तीपेक्षा गरजांचीच बेरीज अधिक झाली. त्यातून अंबरनाथकराची तक्रार अशी, की आमच्या कारखान्यांचे उत्पन्न कल्याणला जाते आणि आमचे रस्ते आहेत तसेच राहतात. या तक्रारीत तथ्य किती, हे हिशेबानेच सांगता आले असते. परंतु प्रत्येक गावाचा जमाखर्च वेगळा दाखविण्याची पद्धतच नसेल, तर संशयाला उत्तर देणार कोण? हिशेब दिसत नाही तेथे अन्याय दिसू लागतो, मग तो झालेला असो वा नसो.

येथे वेगळेपणाच्या समर्थकांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, स्थानिक स्वराज्याचा प्राण जवळिकीत आहे. निवृत्त शिक्षकाला घरपट्टीची दुरुस्ती करून घ्यावयाची असेल, विधवेला मृत्यूचा दाखला हवा असेल, तर कार्यालय पायी जाण्याच्या अंतरावर असावे, आणि तेथे बसणारा माणूस निदान चेहऱ्याने ओळखीचा असावा. मोठ्या महानगरपालिकेत नागरिकाचा अर्ज होतो, अर्जाची नस्ती होते आणि नस्तीचा प्रवास सुरू होतो. हे म्हणणे खरे आहे. मोठे ते कार्यक्षमच असते, असे मानण्यास आपल्या महानगरपालिकांचा अनुभव फारसा आधार देत नाही.

परंतु नदीला जवळिकीचे हे तत्त्वज्ञान ठाऊक नसते. वालधुनी ही लहानशी नदी अंबरनाथच्या प्राचीन मंदिराजवळून वाहत निघते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीला मिळते. वाटेत ती कारखान्यांची रसायने आणि तिन्ही शहरांचे सांडपाणी पोटात घेते. आज तिला नदी म्हणण्यास जीभ अडखळते. अंबरनाथ म्हणते, घाण खाली होते. कल्याण म्हणते, घाण वरून येते. उल्हासनगर दोन्हीकडे बोट दाखविते. औद्योगिक वसाहतीची जबाबदारी महामंडळाची, नियंत्रणाची जबाबदारी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. उल्हास-वालधुनीचा हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे न्यावा लागला, यातच आपल्या स्थानिक कारभाराचा पराभव आहे. जे काम एका अभियंत्याच्या टेबलावर सुटावयाचे, ते न्यायालयाच्या तारखांवर सोपवावे लागले.

पाण्याची कथाही अशीच. कल्याण-डोंबिवली महापालिका उल्हास नदीतून आपले पाणी स्वतः उचलते. उल्हासनगर औद्योगिक विकास महामंडळाकडून पाणी विकत घेते. अंबरनाथ आणि बदलापूर यांना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी पुरविते. खोरे एक, यंत्रणा तीन. पूर मात्र असा भेद करीत नाही. २००५ च्या जुलैमध्ये उल्हास आणि वालधुनी यांनी पात्र सोडले, तेव्हा बदलापूर आणि कल्याण दोन्ही बुडाली. वरच्या गावाने पात्रात भराव घातला, तर पाणी खालच्या गावाच्या घरात शिरते. आणि खालच्या गावाच्या मतदाराला वरच्या गावाच्या नगराध्यक्षास जाब विचारण्याचा अधिकार नसतो. वेगळेपणाची खरी किंमत ही आहे.

या बाबतीत जपानमधील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. क्यूशू बेटाच्या उत्तर टोकाला मोजी, कोकुरा, तोबाता, याहाता आणि वाकामात्सु अशी पाच औद्योगिक शहरे एकमेकांना खेटून होती. याहाताचा पोलाद कारखाना १९०१ पासूनचा. या शहरांच्या मधोमध शिरलेला दोकाई उपसागर कारखान्यांच्या सांडपाण्याने इतका विषारी झाला होता की, त्याला मृत्यूचा समुद्र म्हणत. आकाशातून काजळी पडे, वाळत घातलेले कपडे काळे होत. तोबाताच्या गृहिणींनी स्वतः काजळी मोजून, नोंदी करून कारखान्यांना जाब विचारला. १९६३ च्या फेब्रुवारीत ही पाचही शहरे एक होऊन किताक्यूशू, म्हणजे उत्तर क्यूशू, हे नगर स्थापन झाले. वस्ती सुमारे दहा लाख.

तेथे दोन गोष्टी विचारपूर्वक झाल्या. नव्या नगराला पाचांपैकी कोणाचेच नाव दिले गेले नाही, त्यामुळे कोणी जिंकले आणि कोणी हरले असे झाले नाही. आणि जुन्या प्रत्येक शहराचा एक विभाग होऊन त्याचे कार्यालय जागच्या जागी राहिले. नागरिकाचे दैनंदिन काम पूर्वीच्याच दारात, आणि उपसागराचा प्रश्न मात्र सर्वांचा मिळून एक, अशी विभागणी झाली. सत्तरीच्या दशकात या नगराने कारखान्यांशी प्रदूषण-नियंत्रणाचे करार केले, उपसागराच्या तळाचा विषारी गाळ उपसला आणि त्या खर्चाचा मोठा वाटा कारखानदारांना उचलावयास लावला. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या नगराचा गौरव केला. एकत्रीकरणाने सर्व रोग बरे झाले, असे मात्र नव्हे. पोलाद उद्योगाला उतरती कळा लागली, तशी या नगराची वस्तीही घटली आणि आज ती दहा लाखांच्या खाली आहे. उद्योगाचे भवितव्य नगरपालिकेच्या हातात नसते. परंतु हवा आणि पाणी तिच्या हातात असते, आणि ते तिने राखले.

आपल्याकडे मात्र हद्दीचा प्रश्न हा सोयीचा प्रश्न होऊन बसला आहे. कल्याणलगतच्या सत्तावीस गावांची कथा पाहा. १९८३ मध्ये ती महानगरपालिकेत आली. २००२ मध्ये ती वगळली गेली. २०१५ मध्ये ती पुन्हा घेतली गेली. २०२० मध्ये त्यांतील अठरा गावे वेगळी काढण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. चुकीच्या पत्त्यावरचे पाकीट जसे एका टपाल कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहावे, तशी ही गावे फिरत राहिली. या काळात तेथे जमिनी विकल्या गेल्या, इमारती उभ्या राहिल्या, आणि पगारातून पै-पै साठविणाऱ्या कारकुनांनी आणि शिक्षकांनी त्यांत घरे घेतली. त्या इमारतीला परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीचा, महानगरपालिकेचा की महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, हे घर घेणाऱ्याला कळणार कसे? हद्दीची अनिश्चितता ही अनधिकृत बांधकामाची सर्वांत सुपीक जमीन असते. तिच्यावर पीक काढणारे निघून जातात. कर्जाचे हप्ते भरणारा मागे राहतो.

पिंपरी-चिंचवडचे उदाहरणही निर्दोष नव्हे. तेथे नगरपालिकेच्या पाठोपाठ १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि एकाच शहरात दोन नियोजनकर्ते नांदू लागले. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या गेल्या, त्यांचा परताव्याचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या रेंगाळला. ते प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झाले. आणि शहर मोठे झाले म्हणून त्याची तहान हद्दीत मावत नाही, हेही तेथेच दिसून आले. पवना धरणापासून बंद जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. एकत्र झालेल्या नगरांचे सामर्थ्य वाढते, ही चांगलीच गोष्ट. पण ते सामर्थ्य हद्दीबाहेरच्या दुबळ्या शेजाऱ्यावर चालविले जाणार असेल, तर त्याला नागरी प्रगती म्हणता येणार नाही.

या सर्वांचे तात्पर्य काय? एकत्रीकरण करावे की करू नये, असा प्रश्न विचारणेच अपुरे आहे. कोणते काम एकत्र करावयाचे आणि कोणते वेगळे ठेवावयाचे, असा तो विचारला पाहिजे. नदी, पाणीपुरवठा, सांडपाणी, कचरा आणि मोठे रस्ते ही कामे खोऱ्याच्या मापाची आहेत. ती एका हाती हवीत. दाखले, शाळा, दवाखाना, दिवाबत्ती आणि गल्लीतील गटार ही कामे मोहल्ल्याच्या मापाची आहेत. ती नागरिकाच्या दाराशी हवीत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख आणि त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या, आणि दहा लाख किंवा त्याहून मोठ्या महानगर क्षेत्रांसाठी महानगर नियोजन समिती सांगितली. म्हणजे वर विस्तार आणि खाली जवळीक, ही दोन्ही सूत्रे घटनेत आहेत. आपण प्रभाग समित्या स्थापन केल्या, परंतु त्यांच्या हाती निधी किती आणि निर्णय किती, हे कोणत्याही नागरिकाने आपल्या प्रभाग कार्यालयात जाऊन विचारून पाहावे.

यापुढे नगरे जोडावयाची असतील, तर काही अटी कायद्यानेच घालून दिल्या पाहिजेत. जोडण्यापूर्वी प्रत्येक गावाचे उत्पन्न, कर्ज आणि मालमत्ता यांचा हिशेब प्रसिद्ध व्हावा आणि जोडल्यानंतरही दहा वर्षे तो विभागवार दाखविला जावा. जुनी नगरपालिका विसर्जित झाल्यापासून एका वर्षाच्या आत नव्या संस्थेची निवडणूक झालीच पाहिजे. ती होणार नसेल, तर विलीनीकरणच अमलात येऊ नये. जुन्या प्रत्येक नगराचे कार्यालय पूर्ण अधिकारांसह जागेवर राहावे. औद्योगिक वसाहतीची घाण जेथे जाते, त्या गावाला त्या वसाहतीच्या कारभारात आवाज असावा. आणि एकदा आखलेली हद्द निदान पुढील जनगणनेपर्यंत हलविता येऊ नये.

यांतील निवडणुकीची अट कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षे तेथे पुन्हा प्रशासकच होता. पिंपरी-चिंचवडवरही २०२२ मध्ये तीच वेळ आली. कारणे कोणतीही असोत, १९८३ चा धडा आपण शिकलो नाही, एवढे यावरून उघड होते. नागरिकाला सभासद न करून घेता केलेले एकत्रीकरण हे केवळ मालमत्तेचे हस्तांतर असते. त्याला तो कर भरील. त्याला आपले म्हणणार नाही.

वालधुनीच्या काठचे मंदिर साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ उभे आहे. त्याने शिलाहारांपासून नगरपरिषदेपर्यंत अनेक राजवटी पाहिल्या; हद्दी बदलल्या, नावे बदलली. त्याच्या पायाशी वाहणारे पाणी मात्र आपल्या दोन पिढ्यांच्या काळात काळे झाले. ते पुन्हा स्वच्छ करणारी संस्था एक असो की चार असोत, त्याबद्दल आपला हट्ट नाही. परंतु त्या पाण्याबद्दल जाब कोणाला विचारावयाचा, हे काठावरच्या प्रत्येक मतदाराला निश्चित ठाऊक असले पाहिजे. तेवढे साधेल ती हद्द बरोबर, आणि तेवढेही न साधणारी हद्द नकाशावर कितीही रेखीव दिसली, तरी चूकच.